बुद्धिबळाच्या पटाच्या सहा घड्या आणि एक वीस अंकी संख्या

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

ही संख्या वीस अंकी आहे. लाख, कोटी, अब्ज या रोजच्या शब्दांनी ती वाचायला गेलो तर जीभ अडखळते, पण आपल्याकडच्या जुन्या गणितात तिच्यासाठी नावे तयार आहेत. भास्कराचार्यांनी लीलावतीत एक, दश, शत, सहस्र येथून सुरुवात करून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत आणि परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. त्या नावांनी आपली संख्या वाचली तर ती १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, ९ प्रयुत, ५ लक्ष, ५ अयुत, १ सहस्र, ६ शत, १ दश आणि ५ अशी होते. निखर्व आणि कोटी या दोन स्थानांवर शून्य असल्यामुळे ती नावे घ्यावी लागत नाहीत. अठरा स्थानांची ती नाममालाही या संख्येला पुरत नाही, म्हणून शेवटच्या नावापुढे '१८४' असे लिहावे लागते.

या संख्येची जी गोष्ट सर्वांना ठाऊक असते ती बुद्धिबळाची आहे. बुद्धिबळाचा खेळ रचणाऱ्या विद्वानावर, काही कथांत त्याचे नाव सिस्सा असे येते, राजा प्रसन्न झाला आणि त्याने बक्षीस मागायला सांगितले. विद्वानाने पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्या घरात दोन, तिसऱ्या घरात चार, अशा प्रकारे प्रत्येक घरात आधीच्या घराच्या दुप्पट दाणे मागितले. चौसष्ट घरांतील दाण्यांची बेरीज म्हणजेच वर लिहिलेली संख्या. ही कथा बहुतेक ठिकाणी राजाच्या फजितीपाशी संपते आणि वाचकाच्या मनात 'फार मोठी संख्या' एवढाच ठसा राहतो. मोठ्या संख्या हव्या तेवढ्या सापडतात, परंतु या संख्येच्या पोटात जी रचना आहे ती क्वचित एखाद्या संख्येच्या वाट्याला येते, आणि तीच येथे उलगडून पाहायची आहे.

आधी बेरीज कशी होते ते पाहू. पहिल्या दोन घरांत मिळून ३ दाणे होतात आणि तिसऱ्या घरात ४ असतात. पहिल्या तीन घरांत ७ होतात आणि चौथ्यात ८ असतात. कोठेही थांबले तरी तोवरची बेरीज पुढच्या घरापेक्षा बरोबर एकाने कमी भरते, म्हणून चौसष्ट घरांची बेरीज हवी असेल तर पटाला पासष्टावे घर आहे असे मानून त्यातील दाणे काढावेत आणि त्यांतून एक वजा करावा. पासष्टाव्या घरातील दाणे म्हणजे २ चा ६४ वा घात, आणि आपली संख्या त्याहून एकाने कमी.

हा चौसष्टावा घात काढण्यासाठी चौसष्ट वेळा दुप्पट करत बसण्याची गरज नाही. छंदशास्त्रकार पिंगलांना लघु-गुरूंच्या मांडणीतून अमुक अक्षरांची किती वृत्ते होतात ते मोजायचे होते, आणि प्रत्येक अक्षराला दोन पर्याय असल्यामुळे त्यांना २ चे मोठे घात काढावे लागत. त्यासाठी त्यांनी दिलेली रीत अशी आहे : घातांक सम असेल तर तो निम्मा करावा, विषम असेल तर त्यातून एक वजा करावा, आणि शून्यापर्यंत पोहोचल्यावर उलट येताना जेथे एक वजा केला होता तेथे दुप्पट आणि जेथे निम्मे केले होते तेथे वर्ग करावा. ६४ निम्मे करत गेलो तर ३२, १६, ८, ४, २, १ असे सहा टप्पे येतात आणि शेवटी एक वजा होतो. परत येताना एकाचे दुप्पट २, आणि मग सहा वेळा वर्ग : ४, १६, २५६, ६५,५३६, ४,२९,४९,६७,२९६ आणि शेवटी १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. अल् बिरूनीने इ.स. १००० च्या सुमारास पटावरच्या दाण्यांचा हिशेब लिहिला तेव्हा त्यानेही वर्गांचाच मार्ग धरला होता. चौसष्ट ही संख्या सहा वेळा निम्मी करता येते, ही साधी बाब पुढच्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी आहे.

वजनाचा हिशेबही येथेच उरकून घेऊ. गव्हाचे हजार दाणे मोजून काट्यावर ठेवले तर वाणानुसार थोडेफार कमी-जास्त होऊन साधारण ४० ग्रॅम भरतात. त्या हिशेबाने पटाच्या पहिल्या ओळीतले २५५ दाणे जेमतेम दहा ग्रॅम होतात, म्हणजे मूठही भरत नाही. पहिल्या दोन ओळींचे ६५,५३५ दाणे सुमारे अडीच किलोंहून थोडे अधिक भरतात. अर्धा पट, म्हणजे बत्तीस घरे भरली, की सुमारे १७२ टन गहू होतो, आणि तो दहा टनी सतरा-अठरा ट्रकांत मावतो. येथपर्यंत राजाला काळजीचे कारण नाही. पूर्ण पटाचा गहू मात्र सुमारे ७३,८०० कोटी टन होतो. आज सारे जग मिळून वर्षाला जवळपास ८० कोटी टन गहू पिकवते, त्यामुळे जगाने एक दाणाही न खाता सगळे पीक राजाच्या कोठारात टाकले तरी देणे फेडायला नऊशेहून अधिक वर्षे लागतील.

आता पटाची घडी घालू. बुद्धिबळाचा पट कापडी आहे आणि त्यावरची चौसष्ट घरे एका लांब पट्टीत ओळीने मांडली आहेत, अशी कल्पना करावी. पट्टी मधोमध दुमडण्याऐवजी दुसरी बत्तीस घरे उचलून पहिल्या बत्तीस घरांवर जशीच्या तशी ठेवावीत, म्हणजे ३३ वे घर पहिल्यावर, ३४ वे दुसऱ्यावर आणि ६४ वे बत्तिसाव्यावर येईल. वरच्या प्रत्येक घरात खालच्या घराच्या किती पट दाणे आहेत? सगळीकडे तेवढेच पट, कारण बत्तीस घरे पुढे जाणे म्हणजे बत्तीस वेळा दुप्पट होणे, म्हणजेच ४,२९,४९,६७,२९६ पट. म्हणून पूर्ण पटाचे दाणे म्हणजे अर्ध्या पटाचे दाणे गुणिले ४,२९,४९,६७,२९७, ज्यात खालचा थर एकपट आणि वरचा थर इतके पट असतो.

उरलेल्या बत्तीस घरांची पुन्हा तशीच घडी घातली की सोळा घरांची बेरीज गुणिले ६५,५३७ मिळते. सोळांची घडी घातली की आठ घरांची बेरीज गुणिले २५७. आठ घरांची घडी तर डोळ्यांनी तपासता येते : पहिल्या चार घरांत १, २, ४, ८ मिळून १५ दाणे आहेत, पुढच्या चार घरांत १६, ३२, ६४, १२८ मिळून २४० आहेत, २४० म्हणजे १५ च्या सोळापट, आणि एकूण २५५ म्हणजे १५ गुणिले १७. चार घरांची घडी ३ गुणिले ५ देते आणि दोन घरांची घडी १ गुणिले ३ देते. सहा घड्या घालून झाल्या की हातात एक घर आणि त्यात एक दाणा उरतो, आणि आपली वीस अंकी संख्या अशी उलगडते :

३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७.

आठवीच्या पुस्तकात वर्गांच्या वजाबाकीचे जे सूत्र असते, अ वर्ग वजा ब वर्ग बरोबर अ अधिक ब गुणिले अ वजा ब, ते सहा वेळा वापरूनही हेच मिळते. दशमान पद्धतीत ९९ म्हणजे ९ गुणिले ११, ९,९९९ म्हणजे ९९ गुणिले १०१ आणि आठ वेळा नऊ म्हणजे ९,९९९ गुणिले १०,००१ हा जो परिचित नमुना आहे, त्याचेच हे दोनाच्या घातांतले रूप आहे. तरीही मला घडीची कल्पना अधिक जवळची वाटते, कारण तिच्यात प्रत्येक अवयव कोठून आला ते दिसते. एखाद्या विद्यार्थ्याला हे शिकवायचे असेल तर सूत्राआधी कागदाची पट्टी त्याच्या हाती द्यावी.

आता या सहा अवयवांकडे नीट पाहू. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पाचही मूळ संख्या आहेत, म्हणजे एक आणि स्वतः यांखेरीज त्यांना विभाजक नाहीत. सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती प्येर द फर्मा याच्या नजरेत हा क्रम भरला होता. व्यवसायाने न्यायखात्यातला अधिकारी असलेला फर्मा फावल्या वेळात गणित करी आणि आपले शोध पत्रांतून कळवी. १६४० मध्ये त्याने पत्रातून असे मत मांडले की, या रीतीने मिळणारी प्रत्येक संख्या मूळ असते. आपल्या भाषेत सांगायचे तर पट कितीही लांब असला तरी प्रत्येक घडीतून नवी मूळ संख्या बाहेर पडेल, असे तो मानत होता. सिद्धता आपल्याजवळ नाही हे त्याने मान्य केले होते, पण मत पक्के होते. बुद्धिबळाचा पट बरोबर चौसष्ट घरांचा असल्यामुळे फर्माचे म्हणणे जेथे मोडते नेमकी ती घडी या पटात येते. सहावा अवयव ४,२९,४९,६७,२९७ मूळ नाही.

हे उघड व्हायला जवळपास शंभर वर्षे लागली. १७२९ च्या डिसेंबरात गोल्डबाख या गणित्याने लिओनार्ड ऑयलर या स्विस गणित्याला पत्रातून फर्माच्या या मताबद्दल विचारले. ऑयलर तेव्हा सेंट पीटर्सबर्गला होता आणि त्याचे वय बावीस होते. १७३२ मध्ये त्याने दाखवून दिले की, ४,२९,४९,६७,२९७ ला ६४१ ने निःशेष भाग जातो आणि भागाकार ६७,००,४१७ येतो. वाचकांनी कागदावर गुणाकार करून पाहावा : ६७,००,४१७ ची सहाशेपट ४,०२,०२,५०,२००, एकेचाळीसपट २७,४७,१७,०९७, आणि बेरीज ४,२९,४९,६७,२९७.

गुणाकार ताडून पाहिला तरी ६४१ च का, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर पाहण्यासारखे आहे. समजा एखादी मूळ संख्या आपल्या सहाव्या अवयवाला भाग घालवते. तिने भागून उरणाऱ्या बाक्यांचाच विचार केला, तर २ चे घात घेत गेल्यावर बत्तिसाव्या घातापाशी बाकी उणे एक येते आणि चौसष्टाव्या घातापाशी प्रथमच अधिक एक होते, म्हणजे बाक्यांची फेरी बरोबर ६४ पावलांची आहे. दुसरीकडे, मूळ संख्येतून एक वजा करून येईल तितकी पावले चालल्यावरही बाकी एक होतेच, हा खुद्द फर्माचाच सिद्धान्त आहे. म्हणून मूळ संख्या वजा एक हा आकडा ६४ च्या पटीत असावा लागतो. अशा मूळ संख्या फार थोड्या आहेत : १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१. शंभराहून अधिक मूळ संख्या एकामागून एक तपासण्याऐवजी पाचव्याच प्रयत्नाला उत्तर हाती येते. स्वतःचाच सिद्धान्त या कामाला लावला असता तर फर्माला हा भाग दुपारभरात सापडला असता, असे मला नेहमी वाटते.

भागाकार न करताही ६४१ चा भाग जातो हे दाखवता येते. ६४१ दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे ६४० अधिक १, आणि ६४० म्हणजे ५ गुणिले १२८. दुसरा म्हणजे ६२५ अधिक १६, म्हणजेच ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. आता ६४१ ला २ च्या २८ व्या घाताने गुणावे. ६२५ चा भाग ६४० च्या चौथ्या घाताएवढा होतो, कारण १२८ हा २ चा सातवा घात आहे आणि त्याचा चौथा घात म्हणजे २ चा २८ वा. १६ चा भाग २ चा ३२ वा घात होतो. या गुणाकारातून '६४० चा चौथा घात वजा एक' ही संख्या वजा केली, तर बरोबर २ चा ३२ वा घात अधिक एक उरतो आणि तोच आपला सहावा अवयव आहे. गुणाकाराला ६४१ ने भाग जातो हे उघड आहे. वजा केलेल्या संख्येलाही जातो, कारण ६४० चा वर्ग वजा एक म्हणजे ६३९ गुणिले ६४१, आणि तो तिचा अवयव आहे. दोहोंना भाग जातो म्हणून त्यांच्या वजाबाकीलाही जातो. चार ओळींत एका थोर माणसाचा शंभर वर्षांचा समज संपतो. फर्माच्या क्रमातली त्यापुढची एकही संख्या मूळ असल्याचे आजपर्यंत आढळलेले नाही, त्यामुळे पहिल्या पाचच मूळ संख्या माहीत आहेत आणि त्या पाचही आपल्या पटाच्या पहिल्या अर्ध्या भागात बसतात.

६४१ आणि ६७,००,४१७ या दोन्ही मूळ संख्या आहेत, म्हणून आपल्या संख्येचे एकूण सात वेगवेगळे मूळ अवयव झाले. विभाजक बनवताना या सातांपैकी प्रत्येक घ्यायचा किंवा सोडायचा एवढेच ठरवावे लागते, त्यामुळे विभाजक होतात १२८. तीन भावांत, पाच पांडवांत, सतरा जणांत किंवा २५५ जणांत हा गहू एकही दाणा न उरता वाटता येतो, पण राजा आणि विद्वान या दोघांत तो निम्मा-निम्मा करता येत नाही, कारण संख्या विषम आहे. सात जणांत वाटला तर एक दाणा उरतो.

शेजारच्या घरांशी तुलना केल्यावर हे किती विशेष आहे ते कळते. पटाच्या पहिल्या ६१ घरांतील दाण्यांची बेरीज २३,०५,८४,३०,०९,२१,३६,९३,९५१ आहे आणि ती मूळ संख्या आहे. १८८३ मध्ये रशियातल्या इव्हान पेर्वुशिन या धर्मोपदेशकाने ते सिद्ध केले. म्हणजे ६१ घरांवर थांबलो तर त्या गव्हाचे सारखे ढीग करताच येत नाहीत, आणि तीन घरे पुढे गेलो की त्याहून आठपट मोठ्या संख्येचा सर्वांत मोठा मूळ अवयव केवळ सदुसष्ट लाखांच्या घरात येतो. ६१ ही स्वतः मूळ संख्या असल्यामुळे तेवढ्या घरांच्या पट्टीला सारखी घडी घालता येत नाही, आणि चौसष्टाला सहा घड्या पडतात. घरांची संख्या मूळ असली म्हणजे बेरीज मूळ असतेच असे नाही, मात्र घरांची संख्या संयुक्त असेल तर बेरीज हमखास संयुक्त असते.

फर्माच्या क्रमातले ते पाच मूळ अवयव भूमितीतही भेटतात. पट्टी आणि कंपास एवढ्याच साधनांनी सुसम त्रिकोण, चौकोन, पंचकोन काढता येतात हे प्राचीन ग्रीकांना माहीत होते. कोनमापक न वापरता आणखी कोणते सुसम बहुभुज काढता येतील, हा प्रश्न दोन हजार वर्षे पडून होता. ३० मार्च १७९६ रोजी, वयाची एकोणीस वर्षे पूर्ण व्हायला महिना उरला असताना, गाउस या जर्मन गणित्याने सतरा बाजूंचा सुसम बहुभुज असा काढता येतो हे शोधले. ब्राउनश्वाइग या त्याच्या जन्मगावी त्याच्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर सतरा टोकांची चांदणी कोरलेली आहे. १८०१ च्या ग्रंथात त्याने सामान्य नियम दिला आणि त्याची उलट बाजू १८३७ मध्ये वांत्सेलने सिद्ध केली. तो नियम असा की, बाजूंची संख्या विषम असेल तर ती फर्माच्या क्रमातल्या वेगवेगळ्या मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनलेली असली पाहिजे. अशा पाचच मूळ संख्या माहीत असल्याने त्यांच्यापासून ३१ विषम संख्या बनतात आणि त्यांतली सर्वांत मोठी, पाचांचा गुणाकार, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५. ही अर्ध्या पटावरील दाण्यांची बेरीज आहे. अर्धा पट भरायला जितके दाणे लागतात तितक्या बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी-कंपासाने तत्त्वतः काढता येतो, आणि विषम बाजूंचा त्याहून मोठा असा बहुभुज अद्याप कोणाला माहीत नाही. ६५,५३७ बाजूंच्या बहुभुजाची रचना लिहून काढण्यासाठी योहान हेर्मेस या जर्मन गणित्याने दहा वर्षे खर्ची घातली, आणि ती हस्तलिखिते ग्यॉटिंगन विद्यापीठाने जपून ठेवली आहेत.

पेर्वुशिनने आपली सिद्धता दिली त्याच १८८३ साली एदुआर ल्युका या फ्रेंच गणित्याने तीन खुंट्यांचे एक कोडे बाजारात आणले. त्याला जोडलेल्या कथेत काशीच्या एका मंदिराचे वर्णन येते : तेथे तीन हिऱ्यांच्या सुया आहेत, एका सुईत सोन्याच्या चौसष्ट चकत्या मोठ्यावर लहान अशा रचलेल्या आहेत, आणि पुजारी एका वेळी एकच चकती हलवून, लहान चकतीवर मोठी कधीही न ठेवता, सगळा ढीग दुसऱ्या सुईत नेत आहेत. कथा कल्पित आहे, पण तिचे गणित खरे आहे. सर्वांत खालची चकती हलवायची तर आधी वरच्या सगळ्या बाजूला न्याव्या लागतात आणि नंतर परत तिच्यावर आणाव्या लागतात. तीन चकत्या घेऊन पाहिले तर मोठी एकदा, मधली दोनदा आणि लहान चारदा हलते, एकूण सात चाली होतात. चौसष्ट चकत्यांत सर्वांत मोठी एकदा, तिच्यावरची दोनदा, तिच्याही वरची चारदा असे होत जाते, म्हणजे पटावरचे प्रत्येक घर येथे एक चकती झाले आहे आणि दाण्यांच्या जागी चाली आल्या आहेत. बेरीज तीच येते. सेकंदाला एक चाल या वेगाने काम सुमारे ५८४ अब्ज वर्षे चालेल, आणि विश्वाचे आजचे वय सुमारे १३.८ अब्ज वर्षे मानले जाते.

गणपतीला आपण चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा अधिपती म्हणतो. त्या चौसष्ट कलांपैकी किमान एक तरी शिकायची असे ठरवले, तर कलांचे जे जे वेगवेगळे गट निवडता येतील त्यांची संख्याही हीच आहे, कारण प्रत्येक कला शिकायची किंवा सोडायची असे दोनच पर्याय आहेत आणि 'एकही नाही' हा एक गट वगळायचा आहे.

निवडायचे किंवा सोडायचे, हीच संगणकाचीही भाषा आहे. संगणक संख्या द्विमान पद्धतीत ठेवतो आणि तिथे प्रत्येक स्थानाची किंमत उजवीकडच्या स्थानाच्या दुप्पट असते, म्हणजे पटाचे प्रत्येक घर हे एक स्थान झाले. आजचे बहुतेक संगणक आणि मोबाइल ६४ बिटांचे आहेत, म्हणजे ते संख्येला एका वेळी चौसष्ट स्थाने देतात. चौसष्टही स्थानांवर १ लिहिला की आपली संख्या तयार होते आणि ऋण संख्या वगळल्या तर त्या जागेत मावणारी ती सर्वांत मोठी संख्या असते. तिच्यात एक मिळवला तर गाडीच्या किलोमीटरच्या आकड्यांप्रमाणे सगळी स्थाने एकदम उलटतात आणि शून्य येते. ज्या संख्येत एक मिळवल्यावर शून्य होते तिला आपण उणे एक म्हणतो, आणि संगणकाच्या पोटात उणे एक खरोखरच असाच लिहिला जातो. म्हणूनच प्रोग्राम लिहिणाऱ्यांना, चिन्ह नसलेल्या संख्येत शून्यातून चुकून एक वजा झाला की, पडद्यावर १८४४६७४४०७३७०९५५१६१५ हा आकडा अकस्मात दिसतो आणि चूक कोठे शोधायची ते अनुभवी माणसाला लगेच कळते.

ऋण संख्याही हव्या असतील तर एक स्थान चिन्हासाठी द्यावे लागते आणि एक घर कमी होते. जुन्या ३२ बिटांच्या प्रणालींत त्यामुळे पहिल्या ३१ घरांची बेरीज, २,१४,७४,८३,६४७, ही मर्यादा होते. ही संख्या मूळ आहे, हे १७७२ मध्ये ऑयलरनेच सिद्ध केले होते. अनेक प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून तारीख ठरवतात आणि त्यांतल्या ज्या अजून ३२ बिटांवर चालतात त्यांची मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी या मर्यादेला टेकेल. मोजणी ६४ बिटांवर नेली, म्हणजे ३१ ऐवजी ६३ घरे वापरली, की तीच मर्यादा सुमारे २९२ अब्ज वर्षे पुढे सरकते.

बुद्धिबळ खेळणारे प्रोग्रामही पट ठेवण्यासाठी याच चौसष्ट बिटांचा उपयोग करतात. प्रत्येक घराला एक बिट नेमून दिलेला असतो, त्या घरात मोहरे असेल तर १ आणि नसेल तर ०. पांढऱ्या प्याद्यांसाठी एक संख्या, काळ्या घोड्यांसाठी दुसरी, अशा काही संख्यांत सगळा डाव मावतो, आणि वजीर कोणत्या घरांवर मारा करतो हे पाहायला या संख्यांवरच्या मोजक्या क्रिया पुरतात. अशा प्रोग्राममध्ये रिकामा पट शून्याने लिहिलेला असतो, आणि 'पटावरील सर्व घरे' असे सांगायचे असते तेव्हा तिथे हीच वीस अंकी संख्या लिहिलेली असते.